कुजतं म्हणून काय झालं?

(रौप्यमहोत्सवी वर्षात, २६ जानेवारी २०२३ रोजी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी साहेब, कमिटीची मंडळी, दोन्ही विंगमधल्या माझ्या मैत्रिणी, आणि जिलेबीच्या आशेने पहिल्या रांगेत शहाण्यासारखी बसलेली बच्चेकंपनी,

सेक्रेटरी साहेबांनी मला ‘आरोग्य आणि आपण’ असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी सगळेच बोलतात. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, १९८३ ते २०१४. त्यामुळे मला जे खात्रीने माहीत आहे त्यावर बोलते. मी कचऱ्यावर बोलणार आहे. त्यातही आजारपणातल्या कचऱ्यावर, आणि त्यातही जो कुजतो त्यावर. कापूस, गॉज, पट्ट्या, रक्त, पू. जेवण अजून दीड तासाने आहे, तेव्हा तेवढं सहन करा.

हा विषय मी का निवडला याला कारण आहे. ते मध्यावर सांगते. आधी सांगितलं तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

माझी पहिली नेमणूक एका ग्रामीण रुग्णालयात होती. तेव्हा काचेच्या सिरिंजा असायच्या, उकळून पुन्हा वापरायच्या. दुपारी काम कमी असलं की आम्ही बायका गोल बसून कापसाचे बोळे वळायचो, गॉजच्या घड्या करायचो, स्टीलच्या ड्रममध्ये भरून निर्जंतुक करायला पाठवायचो. वापरायच्या आधी त्या कापसाची केवढी काळजी! पण वापरून झाल्यावर तो कुठे जातो हे कोणी विचारत नसे. एक बादली असायची. ती वॉर्डातला शिपाई मागच्या खड्ड्यात नेऊन पालथी करायचा. सगळं त्यातच: रक्ताचे बोळे, जखमेच्या पट्ट्या, आणि बाळंतपणातली वारसुद्धा.

एकदा पावसाळ्यात एका बाळंतिणीची सासू मला मागच्या दाराशी गाठून म्हणाली, “बाई, वार कुठं टाकली?” मी म्हटलं, “पुरली, आजी.” ती म्हणाली, “खोल पुरली का? वर दगड ठेवला का? कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका.” मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. त्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं आणि काठावर कुत्री बसलेली मला दिसत होती.

त्यावेळी मला ती आजी अडाणी वाटली होती. वार म्हणजे बाळाचा भाग, तो नीट पुरला नाही तर बाळाला बाधतं, असं काहीतरी तिच्या मनात असणार. पुढे बऱ्याच वर्षांनी आम्हाला जैववैद्यकीय कचऱ्याचं प्रशिक्षण झालं, तेव्हा खोल पुरण्याच्या खड्ड्याचे नियम वाचले. खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा. तो निम्मा भरला की चुना टाकावा आणि वर माती भरावी. प्रत्येक वेळी कचरा टाकल्यावर दहा सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. जवळपास विहीर नसावी, पुराचं पाणी येऊ नये. आणि जनावरांचं तोंड तिथे पोचता कामा नये, म्हणून वर पत्र्याचं किंवा जाळीचं झाकण असावं. मी ते वाचून तशीच बसून राहिले. आजीने मला दारात उभं राहून हेच तर सांगितलं होतं. चुना तेवढा राहिला होता.

आता एक योगायोग. आपली सोसायटी नोंदली गेली १९९८ साली. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने दवाखान्यांच्या कचऱ्याचे देशातले पहिले नियम काढले. म्हणजे यंदा आपल्याबरोबर त्यांचाही रौप्यमहोत्सव आहे. त्यांच्यासाठी कोणी मांडव घातलेला नाही, ती गोष्ट वेगळी. २०१६ साली ते नियम नव्याने आले आणि बरेच सुटसुटीत झाले. चार रंग ठरले. पिवळ्यात शरीराचे भाग, रक्त-पू लागलेला कापूस, पट्ट्या, प्लॅस्टर, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या असं प्लॅस्टिक. पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काच. पिशवीवर बारकोड, आणि प्रक्रिया न करता अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

लाल पिशवीतलं प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये जातं. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ: १२१ अंश तापमान, वाफेचा दाब, आणि पूर्ण एक तास. मग तुकडे करून ते पुन्हा वापरात येऊ शकतं. पिवळी पिशवी मात्र बहुतेक वेळा भट्टीत जाते. पहिल्या कप्प्यात ८०० अंश, आणि निघणारा धूर दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद राहायला हवा. हा दुसरा कप्पा महत्त्वाचा. कमी उष्णतेवर, विशेषतः क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक सोबत जळलं, तर डायॉक्झिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात. म्हणून पार्किंगच्या मागे पालापाचोळ्यात घालून पट्ट्या आणि डायपर पेटवणं हा उपाय नव्हे. एका वर्षी होळीत कोणीतरी तसं केलं होतं, वास अजून आठवत असेल.

खोल पुरण्याची मुभा आता फक्त दूरच्या, खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांना आहे, जिथे सामायिक प्रक्रिया केंद्र पोचत नाही. शहरात ती नाही. सोसायटीच्या बागेत तर नाहीच.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टर, हे सगळं दवाखान्याचं झालं, आमचा काय संबंध?

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यावर मुलांच्या चपलांचा ढीग असायचा. आता वॉकर असतात. आमच्या विंगमध्ये सोळा घरं आहेत. त्यांतल्या निदान सात घरांत इन्शुलिन आहे, दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, एका घरात पोटातून करायचं डायलिसिस आहे. हे मी जिन्यात गप्पा मारता मारता मोजलेलं आहे, नावं सांगणार नाही. पूर्वी जे वॉर्डात व्हायचं ते आता आपल्या बेडरूममध्ये होतं. दवाखान्यात असतं तर त्या प्रत्येक बोळ्याला रंग आणि बारकोड लागला असता. इथे त्याला बादली लागते, आणि कोणती बादली, तर ओला कचरा, कारण कापूस कुजतो.

बरोबरच आहे, कापूस कुजतो. गॉज कुजतं. रक्त तर भाजीपेक्षा लवकर. पण आपल्या मागच्या अंगणातल्या खड्ड्यात गांडुळं आहेत, हे विसरू नका. खताचा मोठा ढीग नीट रचला, वेळच्या वेळी हलवला, तर त्याच्या पोटात पंचावन्न-साठ अंश उष्णता तयार होते आणि बरेच रोगजंतू मरतात. गांडुळांना ही उष्णता चालत नाही, पस्तीस अंशांपुढे ती तगमगतात. म्हणून आपण त्यांच्यावर ओलं गोणपाट घालतो, सावली करतो. म्हणजे आपला खड्डा मुद्दाम थंड ठेवलेला आहे. जंतूंनाही तो मानवतो. शिवाय जखमेवर लावलेलं आयोडीनचं मलम जंतू मारायला बनवलेलं असतं, ते गांडुळांचं काय भलं करणार? आणि कुजायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत बादली कोण उचलतं, खड्ड्यात हात कोण घालतं?

इथे मध्य आला. आता कारण सांगते.

२०१८ च्या पावसाळ्यात यांच्या पायाला जखम झाली होती. मधुमेहाची जखम, तळव्याला. एकदा शस्त्रक्रियेने साफ केली, मग घरीच रोज ड्रेसिंग. घरात सिस्टर असताना बाहेरून कोणाला कशाला बोलवायचं? सकाळी चहाआधी मी यांची साखर बघायची आणि लगेच ड्रेसिंग बदलायची. काढलेल्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकायच्या. ज्या बाईने दहा वर्षं वॉर्डात पिवळ्या पिशवीवरून नव्या मुलींना रागावलं, तीच घरी म्हणत होती, ‘कापूसच तर आहे, कुजेल.’ थकले होते, हे खरं. पण थकवा दवाखान्यातही असायचा, तिथे अशी चूक केली नाही.

एका सकाळी साखर तपासायची ती बारीक सुई, लॅन्सेट म्हणतात तिला, त्या पट्ट्यांत गुंडाळली गेली. मला कळलंही नाही.

आपल्या मावशी ओला कचरा खड्ड्यात टाकण्याआधी हाताने निवडतात, कारण आपण त्यात दुधाच्या पिशव्या, रबरबँड, काय वाटेल ते टाकतो. आपण त्यांना रबरी हातमोजे दिले होते. पावसात त्यांच्या आत पाणी जायचं आणि बोटं सोलवटायची, म्हणून त्या घालत नसत. लॅन्सेट त्यांच्या तळहाताला लागलं. थोडंसंच रक्त आलं. वॉचमनने पाहिलं आणि त्याला जे येत होतं ते तो बोलला: “एड्स होईल बघ.”

तुमच्यातल्या अनेकांना त्या रविवारची मीटिंग आठवत असेल. कोणाची सुई, कोणाची सुई. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव निघालं, कारण ते इन्शुलिन घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या सूनबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “आम्ही सुया बाटलीत ठेवतो.” त्या खरंच ठेवत होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी बोलले नाही.

मावशींना घेऊन मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले होते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, सिस्टर किती धावून गेल्या. डॉक्टरांना मी आत जाऊन खरं सांगितलं, की सुई माझ्या घरची आहे, यांच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत काविळीचे दोन्ही विषाणू आणि एचआयव्ही नाही असं आलेलं आहे. त्यामुळे मावशींना एचआयव्हीच्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. हेपेटायटिस बीची लस त्यांनी कधीच घेतलेली नव्हती, तिचे तीन डोस सहा महिन्यांत दिले. तीन वेळा रिक्षाने मीच नेलं. पण भीती नको असं त्यांना पटवायला जे एक वाक्य पुरलं असतं, ते मी सहा महिने त्यांना सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात म्हणून गोळ्या नको, एवढंच सांगितलं. त्या दर वेळी रक्त द्यायला जाताना देव आठवायच्या.

आता थोडे आकडे सांगते, म्हणजे वॉचमनने जी भीती घातली तिचं माप कळेल. बाधित माणसाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण तीनशेत एक असते. हेपेटायटिस बीची मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहा ते तीस. आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरू शकतो. म्हणून सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत, दवाखाना गाठायचा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या बहात्तर तासांनंतर उपयोगी पडत नाहीत. सुई कोणाची हे कळलं तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. मला ते माहीत होतं, तरी मी गप्प राहिले.

हे भाषण ठरल्यावर मी आधी मावशींकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्या भांडी विसळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “मला तेव्हाच ठावं होतं, ताई.” मी विचारलं, कसं? तर म्हणाल्या, “तुमच्या कागदावर साहेबांनी हिरव्या पेनानं चौकटी भरल्याल्या असत्यात.” आमच्या यांना शब्दकोडं सोडवायचा नाद, आणि शाई हिरवी. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, “तुम्ही बोलताय का बघत होते.”

साडेचार वर्षं बघत होत्या. त्या मागे दाराशी उभ्या आहेत, त्यांना पुढे या म्हटलं तर येत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आता नाहीत. त्यांच्या सूनबाई इथे आहेत. काल मी त्यांच्या घरी जाऊन आले. आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं, ते सांगितलं.

(इथे सभागृहात थोडा वेळ कोणी बोललं नाही. अध्यक्षांनी पाणी दिलं. मग मी पुढे बोलले.)

आता करायचं काय, ते पटकन. रक्त-पू लागलेला कापूस, पट्टी, प्लॅस्टर हे ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही. वेगळ्या पिवळ्या पिशवीत, तोंड बांधून. २०१६ च्या नियमांतच आहे की घरातला असा कचरा वेगळ्या पिशवीत पालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा, आणि पालिकेने तो प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचवायचा. कोविडमध्ये आपण हे सहज केलं. पिवळी पिशवी दाराबाहेर ठेवली की गाडी येत होती. भीती होती तोवर शिस्त होती. २०२१ नंतर पिशव्या संपल्या आणि आपण पुन्हा बादलीवर आलो.

दवाखान्यातल्या कचऱ्यातलासुद्धा शंभरातला पंच्याऐंशी टक्के भाग साधाच असतो, कागद, खोकी, उष्टं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धोक्याचा भाग जेमतेम पंधरा टक्के. पण एकत्र केलं की चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध जसं दही होतं, तसा सगळाच धोक्याचा होतो. घरी तर तो मुठीएवढा असतो. वेगळा ठेवायला जागा लागत नाही.

सुया, लॅन्सेट, इन्शुलिन पेनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, फिनेलची रिकामी बाटली उत्तम. सुईला टोपण परत घालायला जाऊ नका, निम्म्या सुया तेव्हाच टोचतात असा माझा अनुभव. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करायचं. गेटबाहेरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या बाटल्या घ्यायला होकार दिला आहे. त्यांच्याकडे प्रक्रिया केंद्राची गाडी येतेच.

डायपर आणि सॅनिटरी पॅड कुजत नाहीत. त्यांच्या आत प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारी पूड असते. ते कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यात कचरावेचक बायकांनीच पुढे आणली. रोज ज्यांच्या हातात ते उघडं यायचं, त्यांनाच ती सुचणार. तीन पदरी मास्कही कापडाचा दिसतो, पण असतो प्लॅस्टिकच्या धाग्यांचा. डायपरमधली घाण मात्र आधी संडासात टाका, वासही कमी होतो. आणि निर्जंतुक करायचं म्हणून ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळून कोणी प्रयोग करू नका. त्यातून निघणारा वायू छातीत जातो. एका उत्साही काकांनी कोविडमध्ये केला होता, ते हसतायत बघा.

मावशींसाठी कमिटीने आता कापडी अस्तराचे जाड हातमोजे आणि लांब चिमटा आणला आहे. चिमट्याने कचरा निवडायला वेळ दुप्पट लागतो, म्हणून त्यांच्या पगारातही वाढ व्हायला हवी. हे मी कमिटीला लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. सेक्रेटरी साहेब, तुम्ही समोर आहात म्हणून आठवण केली.

जिन्याखाली, मीटरच्या खोलीशेजारी पिवळ्या झाकणाचा डबा ठेवला आहे. किल्ली माझ्याकडे आणि बी विंगमध्ये तळमजल्यावर. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ ते साडेआठ मी तिथे खुर्ची टाकून बसते. पहिल्या आठवड्यात दोनच पिशव्या आल्या, त्यातली एक माझी. परवा सहा आल्या. एकीवर नाव लिहिलं होतं, त्याची गरज नाही, पण मला बरं वाटलं.

पिवळ्या पिशव्या बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. घरी पेशंट असेल त्यांनी दहा-दहा घेऊन जा. आणि मुलांनो, जिलेबी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे.